जुन्या गाडीचे काटे : बिघाड शोधायचा कसा?

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा काटा हलेनासा झाला, की 'मीटर गेलं' असं सरसकट म्हटलं जातं. पण मीटर फक्त दाखवायचं काम करतं. मोजणारा भाग दुसरीकडेच असतो : पेट्रोलचा टाकीत, तापमानाचा इंजिनावर. या दोन टोकांमध्ये वायर, जोड, फ्यूज आणि बॉडीचा अर्थ (अर्थिंग) असतो आणि बिघाड बहुतेक वेळा त्यांतच सापडतो. अँबॅसेडर, पद्मिनी किंवा जुनी मारुती ८०० यांचं मूळ मीटर काढून टाकण्याआधी म्हणूनच सगळा रस्ता तपासून घ्यावा.

पेट्रोलच्या काट्यापासून सुरुवात करू. टाकीत एक फ्लोट तरंगतो. त्याच्या दांड्याला जोडलेला पितळी संपर्क एका रोधक तारेवर सरकतो. पातळी बदलली की रोध बदलतो आणि मीटरमधून वाहणारा करंटही बदलतो. या करंटचा मार्ग असा : बॅटरी, इग्निशनचा स्विच, फ्यूज, मीटर, मागे जाणारी लांब वायर, टाकीतलं सेंडिंग युनिट (म्हणजे हा फ्लोट आणि रोधक तार) आणि शेवटी गाडीच्या बॉडीतून परत बॅटरी.

बऱ्याच जुन्या मीटरांत दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. तिच्याभोवतीची बारीक तार करंटने तापते, पट्टी वाकते आणि काटा ढकलला जातो. चावी फिरवल्यावर काटा सावकाश वर चढत असेल, तर मीटर याच प्रकारचं आहे असं समजावं. या पट्टीला स्थिर व्होल्टेज लागतं. गाडीचं व्होल्टेज मात्र इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास आणि चार्जिंग चालू असताना १४ पर्यंत जातं. त्यामुळे अनेक गाड्यांत मीटरच्या मागे एक छोटा स्टॅबिलायझर बसवलेला असतो. 'स्मिथ्स'च्या मीटरांसाठी तो सरासरी १० व्होल्ट देतो. जुना स्टॅबिलायझर सतत चालू-बंद होऊन ही सरासरी राखतो, त्यामुळे तिथे मल्टिमीटरचा आकडा उड्या मारताना दिसला तर तो बिघाड समजू नये.

तपासणीला बसण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : किती काटे बिघडलेत? पेट्रोल आणि तापमान दोन्ही एकदम बंद पडले, तर आधी फ्यूज आणि मीटरकडे येणारा पुरवठा पाहावा. दोन्ही काटे एकदम जास्त दाखवू लागले, तर स्टॅबिलायझरवर संशय घ्यावा. त्याचा बॉडीशी असलेला अर्थ सुटला, की तो अधूनमधून तोडण्याऐवजी पूर्ण व्होल्टेज पुढे सोडतो. एकच काटा बिघडला असेल, तर त्याची वायर, सेंडिंग युनिट किंवा ते मीटर यांपैकी एकात दोष आहे.

या तिघांतला कोण, हे ठरवायला सेंडिंग युनिटची वायर काढावी. ती वायर आणि बॉडीचा मोकळा धातू यांच्यामध्ये ५ वॉटचा १२ व्होल्टी बल्ब जोडून चावी चालू करावी. काटा वर चढला तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक. दोष टाकीकडे आहे. नाही चढला, तर हीच चाचणी मीटरच्या मागच्या टोकावर करावी. तिथे चढला तर मधली वायर तुटलेली आहे. काही गाड्यांत उलटी रचना असते आणि अर्थ दिल्यावर काटा रिकाम्याकडे जातो. काटा प्रतिसाद देतो का, हे महत्त्वाचं. बल्बाशिवाय थेट शॉर्ट करून धरू नये, आतली तार जळू शकते. पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी टाकीजवळ अजिबात करू नये. दूरच्या जोडावर करावी.

दोष टाकीकडे निघाला, तरी युनिट लगेच काढू नका. आधी युनिटच्या बॉडीपासून चासीपर्यंत एक जादा वायर जोडून पाहा. टाकीला नवा रंग दिला किंवा स्क्रूंना गंज चढला, की अर्थ तुटतो. त्याने फरक पडला नाही, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मोकळ्या हवेत युनिट बाहेर काढावं. फ्लोट हलवून पाहावा. आत पेट्रोलचा आवाज आला तर तो फुटला आहे. मल्टिमीटर ओमवर ठेवून दांडा सावकाश फिरवावा. आकडा न तुटता बदलत गेला पाहिजे. परत बसवताना वॉशर नवा घालावा.

तापमानाचं सेंडिंग युनिट गरम पाण्याच्या भांड्यात तपासता येतं : पाणी तापेल तसा रोध घटत गेला पाहिजे. ते थंड इंजिनातूनच काढावं. बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळू नये, कारण अर्थ त्या आट्यांतूनच मिळतो.

स्पीडोमीटरचं तंत्र वेगळं आहे. ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेली रचनाच जुन्या गाड्यांत दिसते. केबल एक चुंबक फिरवते, त्याच्या ओढीने शेजारची ॲल्युमिनियमची वाटी वळते आणि बारीक स्प्रिंग तिला रोखून धरते. किलोमीटरचे आकडे मात्र दातेरी चाकांवर फिरतात. म्हणून आकडे पुढे सरकत असतील आणि काटा पडूनच असेल, तर दोष मीटरमध्ये. दोन्ही थांबले असतील, तर केबल किंवा गिअरबॉक्सकडचा गिअर पाहावा. काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी जास्त वाकली आहे. ग्रीस लावताना वरचं टोक कोरडं ठेवावं, नाहीतर ते मीटरमध्ये चढतं.

हे सगळं घरी करता येण्याजोगं आहे, पण ऑइल प्रेशरच्या लाल दिव्याबाबत प्रयोग करू नका. चालत्या गाडीत तो लागला, तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि आधी डिपस्टिकवर तेल पाहा. तेल पुरेसं असेल तरी यांत्रिक गेज लावून प्रेशर मोजून घेईपर्यंत दिवा खरं सांगतोय असंच धरा. दिव्याचा स्विच स्वस्त असतो, इंजिन नव्हे.