जत्रेला जाताना



गणपतीत पुण्यास जाणारी मंडळी आपल्यात पुष्कळ. नारायण पेठेत केसरीवाड्याच्या मानाच्या पाचव्या गणपतीचे दर्शन घ्यायचे, लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक पाहायची, अन् पहाटेच्या एस. टी.ने परतायचे. बेत चांगलाच, मात्र गर्दीची पारख हवी.

वाईजवळच्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या. माणसे घसरली, मागचा रेटा काही थांबेना. त्यात दुकाने पेटली. अडीचशेहून अधिक भाविक गेले. रेट्यात माणूस तुडवला जाऊनच मरतो, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा तो उभ्याउभ्याच गुदमरतो, कारण छाती फुगायला जागाच उरत नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ साली अशा गर्दीसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यातली मुख्य गोष्ट ऊसवाल्याला सांगायला नको. गव्हाणीत सगळा ऊस एकदम लोटत नाहीत, गाड्या यार्डातच थोपवतात. माणसेही लांबवरच थोपवून टप्प्याटप्प्याने सोडावीत. गावच्या जत्रा कमिटीने एवढे तरी करावेच. नुसता भोंग्यावर ओरडा करून भागत नाही.

आपल्यापुरते म्हणाल, तर चहूबाजूंनी अंगाला अंग लागू लागले की दर्शन राहू द्या, बाहेर पडा. रेट्याला उलटे भिडू नका. हात छातीपुढे धरून तिरके सरका. चप्पल पडली तर पडली, वाकायचे नाही. लेकराला उचलून घ्या, आणि निघतानाच त्याच्या खिशात नाव, गाव, फोन लिहिलेली चिठ्ठी घाला.