कमी मतं, तरी सत्ता: दक्षिण आफ्रिका, १९४८

२६ मे १९४८ रोजी दक्षिण आफ्रिकेत संसदेची निवडणूक झाली. मतदार जवळजवळ सगळे गोरेच. केप प्रांतातल्या कृष्णवर्णीयांची नावं १९३६ च्या कायद्याने सर्वसाधारण यादीतून काढली होती. त्यांच्या वाट्याला तीन प्रतिनिधी, आणि तेही गोरेच. केपमधल्या मिश्रवंशीय पुरुषांना अटींसह मत होतं. पुढे १९५६ मध्ये त्यांनाही वेगळ्या यादीत ढकललं गेलं.

पण अन्याय तिथेच थांबत नव्हता. ग्रामीण मतदारसंघात शहरापेक्षा कमी मतदार ठेवायची मुभा होती, म्हणजे शेतावरच्या गोऱ्याचं मत शहरातल्या गोऱ्यापेक्षा जड. त्यामुळे स्मट्स यांच्या युनायटेड पार्टीला मतं बरीच जास्त मिळूनही जागा ६५ च मिळाल्या. मलान यांचा नॅशनल पक्ष आणि त्याचा मित्रपक्ष मिळून ७९. खुद्द स्मट्स स्टँडर्टनमधून पडले. माझ्या मते, मूठभरांच्या या मतदानाला लोकशाही म्हणणंच चूक आहे.

मलान यांनी याच निवडणुकीत वर्णभेदाचं धोरण मांडलं होतं. सत्ता येताच त्याचे कायदे सुरू झाले. सर्व वर्णांच्या प्रौढांनी मिळून मतदान केलं ते थेट एप्रिल १९९४ मध्ये.