काचेच्या पेटीतून आईच्या कुशीत

नवजात अतिदक्षता कक्षातून कमी वजनाचं बाळ घरी आलं, की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. खरी जपणूक मात्र तिथून सुरू होते. त्वचेखाली चरबी कमी असल्याने असं बाळ लवकर गार पडतं. चोखायची ताकदही बेताची असते. त्यावर उत्तम ऊब म्हणजे आईची उघडी छाती. भारतासह पाच देशांत झालेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 1 ते 1.8 किलोच्या बाळांना प्रकृती स्थिरावायची वाट न पाहता, जन्मल्याबरोबर ही ऊब दिली. मृत्यू 25 टक्क्यांनी घटले.

गावात हे शिकवायचं कोणी? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं आणि बालमृत्यू झपाट्याने कमी झाले. आज आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करतात.

एक गोष्ट विसरू नका. 34 आठवड्यांआधी किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल, तर 30 दिवसांच्या आत त्याचा डोळ्यांचा पडदा तज्ज्ञांकडून तपासून घ्या. तिथल्या कोवळ्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या, तर वाचलेल्या बाळाची नजर जाऊ शकते. वेळेत कळलं, तर ती वाचवता येते.