पळी कुणाच्या हाती?

यरुशलेमेतल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत भांडण झालं ते जेवणावरून. लोक जमिनी, घरं विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवत आणि त्यातून विधवांना रोज अन्न मिळे. पण ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होत होती आणि त्यावरून कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी सगळ्यांना बोलावलं आणि सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या बाया उपाशी राहत होत्या त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाढपाची पळी दिली गेली, असं बरेच अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ही हकिगत आहे.

मी नगर जिल्ह्यातली, जन्माने ख्रिस्ती आणि पेशाने नर्स. निवृत्त झाल्यापासून आमच्या मंडळीच्या गरीब निधीचा हिशेब माझ्याकडे आहे. कापणीच्या सणाला लोक शेतातला पहिला माल देवळात आणतात, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एखादा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो, कारण घेणाऱ्याला भोपळा नको असतो, द्यायचं असतं. आमच्या लोकांचा हात आखडता नाही. प्रश्न आहे तो पुढचा. हे कुणाला द्यायचं, कसं द्यायचं आणि कुणी ठरवायचं?

आमच्या भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. शाळा, वसतिगृहं आणि दवाखाने निघाले. पुढे १८७६ ते ७८चा दुष्काळ आला, मग १८९६ पासूनचे. त्या काळात अनेक कुटुंबं मंडळीत आली आणि ‘भाकरीसाठी बाटले’ हा शब्द आमच्या पणज्यांच्या मागे लागला. भुकेल्यासमोर भाकरी धरून त्याला श्रद्धेची अट घालणं हे पाप आहे, मग ते कुणीही करो. असं कुठेच घडलं नाही असं मी म्हणणार नाही. पण ज्याला गावाने विहिरीवर येऊ दिलं नाही, त्याच्या पोराला शाळेत इतरांच्या रांगेत बसायला मिळालं, तेव्हा त्याने स्वतःच्या अकलेने काही ठरवलं असेल, हे मानायला लोक तयार नसतात. याचं मला दुःख होतं.

१८९६च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या निराधार मुली आणि विधवा, सुमारे तीनशे जणी, घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावात त्यांनी ‘मुक्ती’ ही संस्था उभी केली. लोक रमाबाईंची दया सांगतात. मला तिथलं काम जास्त मोठं वाटतं. त्या मुली विणकाम, शेती, छपाई शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, त्याचे खिळे जुळवले आणि पानं छापली ती मुक्तीतल्याच बायकांनी. रमाबाई १९२२ साली गेल्या.

पण गरिबांसाठी मंडळीने काय करावं असं मला कुणी विचारलं, तर मी जामखेडचं नाव घेते.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. लग्न करतानाच गोरगरिबांसाठी आयुष्य घालवायचं असं त्यांनी ठरवलं होतं. आधी ते नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. तिथे त्यांना दिसलं की बरी करून पाठवलेली माणसं तेच दुखणं घेऊन परत येतात. पोराचा जुलाब थांबवला, पण गावातलं पाणी तेच. हा सल त्या वेळी इतरांनाही होता. जागतिक ख्रिस्ती मंडळ्यांच्या परिषदेने १९६८ साली वैद्यकीय आयोग नेमला, त्याच्यासमोरही हाच प्रश्न होता. मिशनची हॉस्पिटलं येईल त्याला बरं करत होती, पण जो हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाही त्याचं काय?

आरोळे १९७० साली जामखेडला आले. दुष्काळी तालुका. १९७१च्या सुमारास तिथल्या खेड्यांत जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत होती. दवाखाना काढून हे थांबणार नव्हतं. त्यांनी गावात व्हॉलीबॉल सुरू केला, कारण खेळायला सगळ्या जातींची पोरं एका मैदानावर येतात. त्यातून तरुण शेतकऱ्यांची मंडळं झाली. मोठ्या दुष्काळात बोअर घ्यायच्या ठरल्या, तेव्हा पंप शक्य तिथे दलित वस्तीत बसतील असं त्यांनी पाहिलं. पाण्यासाठी सगळ्या गावाला त्या वस्तीत जावं लागलं.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्सेस खेड्यात ठेवून पाहिल्या. त्या रमल्या नाहीत आणि गावानेही त्यांचं ऐकलं नाही. मग आरोग्यसेविका म्हणून गावातलीच बाई निवडायची असं ठरलं. ज्या आल्या त्यातल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बऱ्याच दलित, काही टाकलेल्या, काही विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, एकत्र शिकायच्या, एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. ज्या बाईच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, तिच्याच हाती गावाची बाळंतपणं आली.

मी तरुण असताना आमच्या हॉस्पिटलने काही जणींना तिथे पाठवलं होतं. एका गावात मी अशाच एका सेविकेच्या मागे तिची पिशवी धरून फिरले. एका गरोदर बाईच्या डोळ्याची खालची पापणी तिने अंगठ्याने हलकेच ओढली, रंग पाहिला, नखं पाहिली. ‘रक्त कमी आहे गं’ म्हणाली आणि मग गोळीबद्दल न बोलता आधी चुलीकडे गेली. भाकरीच्या टोपलीचं झाकण काढलं. सासूला म्हणाली, ‘ही शेवटी जेवते, तेव्हा उरतं काय?’ सासू गप्प. हा प्रश्न मला सुचला नसता, आणि सुचला असता तरी त्या घरात मला विचारता आला नसता.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या गावांतला बालमृत्यूचा आकडा हजारी तीसच्याही खाली आला होता. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७८ साली अल्मा-आता इथे ‘सर्वांसाठी आरोग्य’ हा जाहीरनामा झाला, त्यामागे जे अनुभव होते त्यात जामखेडही होतं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या श्रद्धेमुळेच हे काम करतो, हे त्यांनी कधी लपवलं नाही. पण आलेल्या माणसाची जात किंवा धर्म पाहून त्याला औषध दिलं जात नव्हतं.

आमच्या मंडळीत नाताळला गरीब निधीतून साड्या आणि धान्य वाटायची पद्धत होती. उपासनेनंतर नावं माईकवरून पुकारली जायची. एका वर्षी एक विधवा साडी घेऊन गेली आणि मग तिने देवळात येणंच सोडलं. मी घरी गेले. ती म्हणाली, ‘बाई, साडी चांगली आहे. पण पोराने माझं नाव माईकवर ऐकलं.’ तिला साडीपेक्षा पोराच्या आयटीआयच्या फीचा हप्ता हवा होता, आणि तो मागायला आमच्याकडे कुठे कागदच नव्हता.

नावं पुकारणं आता बंद झालं आहे. फीसाठी अर्ज येऊ लागले आहेत. आता मी पास्टरेट कमिटीपुढे मागणी ठेवली आहे की, निधीच्या उपसमितीत दोन जागा निधीतून मदत घेतलेल्या कुटुंबांतल्या बायकांना द्याव्यात. घेणाराच वाटायला बसला तर हिशेब कसा राहील, असं मंडळीतले एक वडील म्हणाले. मी त्यांना हिशेबाची वही दाखवली. निधीतला निम्म्याहून जास्त पैसा इतकी वर्षं साड्यांवर गेला आहे, आणि साड्यांचा ठराव करताना घेणाऱ्यांपैकी एकीलाही विचारलेलं नाही.

त्या विधवेलाही मी विचारलं, समितीत येशील का? ती लगेच हो म्हणाली नाही. सभा कोणत्या वारी असते, एवढंच तिने विचारलं. आठवड्यात असेल तर तिचा रोज बुडतो. सभा रविवारी, उपासनेनंतर घ्या, असं मी पाळकसाहेबांना लिहून दिलं आहे.