शाळेतील परस्परविश्वास आणि मुख्याध्यापक

महाड तालुक्यात पावसाळा ही शाळेच्या एकजुटीची खरी कसोटी होय. दिनांक २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराने वेढले गेले आणि त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळली, हे या भागातील प्रत्येक शिक्षकाच्या स्मरणात आहे. बिरवाडी व तिच्या आसपासच्या वाड्यांतील शाळांत नदीनाल्यांना पाणी चढू लागले, की मुलांना केव्हा सोडावे, कोणत्या वाडीपर्यंत कोणी पोहोचवावे आणि शाळेत कोणी थांबावे, हे अल्पावधीत ठरवावे लागते. अशा वेळी एकमेकांच्या शब्दावर विसंबता आले पाहिजे. तो विश्वास त्या दिवशी निर्माण होत नसतो. वर्षभराच्या साध्या व्यवहारातून तो साठत असतो.

विश्वास म्हणजे केवळ गोडीगुलाबी नव्हे. आपली अडचण वा चूक वरिष्ठांपुढे निर्भयपणे सांगता येणे, ही त्याची खूण आहे. तिसरीतील एखाद्या मुलास अद्याप वाचता येत नाही, हे वर्गशिक्षकास ठाऊक असते. परंतु सांगितल्यास ठपका आपल्यावर येईल, अशी धास्ती असल्यास तो नोंदवहीत ‘प्रगती समाधानकारक’ असे लिहून मोकळा होतो. पुढील वर्षी दुसरा शिक्षक तेच करतो. शिक्षकांमधील अविश्वासाची किंमत अशा रीतीने त्या मुलाला मोजावी लागते.

निःस्वार्थ माणसे एकत्र आली म्हणजे एकोपा आपोआप टिकतो, असा एक समज आहे. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा इतिहास तो खोटा ठरवितो. विष्णुशास्त्री चिपळूणकर व लोकमान्य टिळक यांनी ती शाळा १८८० मध्ये काढली. लवकरच आगरकर त्यांना येऊन मिळाले. त्यांतूनच १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. अल्प वेतनावर आयुष्य वाहण्याची त्या मंडळींची तयारी होती. तरीही वेतन किती असावे, आजीव सभासदांनी संस्थेबाहेरची कामे व मिळकत स्वीकारावी की नाही, यांविषयी तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. त्यांच्या त्यागाविषयी कोणासही शंका नव्हती. परंतु समान नियमाचा अर्थ प्रत्येकाच्या मनात निराळा होता. जेथे एवढ्या थोर माणसांची गत अशी झाली, तेथे चार शिक्षकांच्या शाळेने नियम मोघम ठेवून भागणार नाही.

म्हणून मुख्याध्यापकांनी पुढील गोष्टींकडे विशेष लक्ष पुरवावे.

१. कामाची वाटणी सर्वांसमक्ष करावी. शालेय पोषण आहाराच्या नोंदी, परिपाठ, शाळाबाह्य मुलांचा शोध, सभांची कागदपत्रे ही कामे कोणाकडे आहेत, याचा तक्ता सत्राच्या आरंभी सर्वांनी मिळून करावा व भिंतीवर लावावा. त्यांतील एक कंटाळवाणे काम मुख्याध्यापकांनी स्वतःकडे घ्यावे. वाटणी दिसते तेव्हा ‘मलाच राबविले जाते’ ही कुरकुर पुष्कळशी आपोआप थांबते.

२. रजेचा न्याय एकच असावा. कोकणात गौरी-गणपती व शिमगा यांचे महत्त्व मोठे. घाटावरून नोकरीनिमित्त आलेल्या शिक्षकास मात्र गावच्या जत्रेस अथवा आषाढीस घरी जावेसे वाटते. दोघांचीही ओढ सारखीच समजावी. कोणी केव्हा जावयाचे हे आधी ठरले, म्हणजे आजाराचे खोटे कारण सांगण्याची वेळ कोणावर येत नाही. खोटे कारण एकदा पचले, की पुढे खऱ्या कारणावरही विश्वास बसत नाही.

३. स्तुती चारचौघांत व दोषदर्शन एकांतात करावे. गावकऱ्यांनी अथवा पालकांनी एखाद्या शिक्षकाविरुद्ध तक्रार आणल्यास मुख्याध्यापकांनी ती शांतपणे ऐकावी, परंतु त्या शिक्षकाचे म्हणणे ऐकल्यावाचून मत देऊ नये. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, अशी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची तरतूद आहे. या समितीपुढे शिक्षकांनी एकमेकांची उणीदुणी काढली, तर गावाचा शाळेवरील विश्वास उडण्यास वेळ लागत नाही.

४. मतभेद बोलून, लिहून मिटवावे. आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर अर्धा तास सर्वांनी बसावे. ‘कोणत्या मुलाचे अडले आहे?’ हा पहिला प्रश्न असावा, आणि त्याचे पहिले उत्तर मुख्याध्यापकांनी आपल्या स्वतःच्या वर्गाविषयी द्यावे. वरिष्ठाने आपली उणीव मोकळेपणाने मांडली, म्हणजे इतरांची जीभ सुटते. ठरलेल्या गोष्टी दोन ओळींत वहीत लिहाव्यात.

द्विशिक्षकी शाळेत या साऱ्याचे महत्त्व अधिकच आहे. तेथे एक जण प्रशिक्षणास वा निवडणुकीच्या कामास गेला, की सर्व वर्ग दुसऱ्यावर पडतात. दोघांत अबोला असल्यास शाळेचा अर्धा प्राणच गेला, असे म्हणावे लागेल.

नेतृत्वाची अखेरची कसोटी मात्र नेत्याच्या अनुपस्थितीतच लागते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडला गेले. मुले शाळेत येत नसतील तर शाळा मुलांकडे न्यावी, या विचाराने आदिवासी पाड्यांवर अंगणवाड्या व कुरणशाळा चालल्या. ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. कार्य थांबले नाही. अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरपर्यंत, पुढे नेले. ताराबाईंनी सहकारी जोडली ती केवळ हुकूम पाळण्यासाठी नव्हे. कार्यच तिचे स्वतःचे झाले होते.

बदलीचा हुकूम प्रत्येक मुख्याध्यापकाच्या वाट्यास केव्हा ना केव्हा येतोच. त्यांच्या मागे तक्ता भिंतीवर राहिला, आठवड्याची बैठक भरत राहिली आणि वाचनात अडलेल्या मुलाचे नाव कोणी न भिता उच्चारीत राहिले, तर त्यांनी शाळा खऱ्या अर्थाने चालविली असे समजावे.