वॉर्डात रुजलेले संशोधन

परळच्या केईएम रुग्णालयाची ओळख मुंबईकराला असते ती केसपेपरच्या रांगेने आणि जमिनीवर गाद्या टाकाव्या लागणाऱ्या वॉर्डांनी. संशोधनाला निवांतपणा लागतो, तो अशा ठिकाणी कुठून मिळणार, असे अनेकांना वाटते. या संस्थेचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. इथले मोलाचे संशोधन रुग्णांच्या गर्दीतूनच उभे राहिले. त्यामागे एक राजकीय निर्धारही होता. 1845 साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वरच्या जागांवर सरकारी सेवेतल्या गोऱ्या डॉक्टरांचे वर्चस्व होते. म्हणून सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देतानाच अट घातली, की अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले पात्र भारतीयच असावेत. 1925 साली महापालिकेचे हे महाविद्यालय सुरू झाले, पुढच्या वर्षी रुग्णालय, आणि डॉ. जीवराज मेहता पहिले अधिष्ठाता झाले.

1952 साली इथल्या डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेला शोध पाहा. काही जणांच्या तांबड्या पेशी अँटी-ए आणि अँटी-बी, दोन्ही सीरममध्ये गोळा होत नव्हत्या. म्हणजे रक्तगट ‘ओ’ ठरायला हवा. पण त्यांच्याच सीरममध्ये ‘ओ’ गटाच्या पेशी टाकल्या, की त्यांच्या गुठळ्या होत. ‘ओ’ रक्तातही असणारा एच प्रतिजन या माणसांत नव्हताच. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट. अशा रुग्णाला चुकून ‘ओ’ रक्त चढवले तर जिवावर बेतते. भारतात दहा हजारांत साधारण एकाला असणारा हा गट सापडायला रोज असंख्य नमुने तपासणारी रक्तपेढी हवी, आणि न जुळणारा निकाल ‘काहीतरी चूक झाली असेल’ म्हणून सोडून न देणारा डॉक्टरही हवा. डॉ. रुस्तम वकील यांनीही उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांवर सर्पगंधेचा परिणाम पारखला आणि 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून ते औषध जगापुढे ठेवले.

गरीब रुग्ण म्हणजे प्रयोगाचे साधन झाले नाहीत का, हा आक्षेप गंभीर आहे. 1968 च्या फेब्रुवारीत डॉ. प्र. कु. सेन यांनी इथे हृदयारोपण केले, तेव्हा जगातल्या पहिल्या हृदयारोपणाला जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा देशात आला तो 1994 साली. त्या धाडसाचे कौतुक करताना हे अंतर विसरता येत नाही. पण यातून निघतो तो कडक नियम, समजून दिलेली संमती आणि नैतिक समितीचा आग्रह. संशोधनच थांबवण्याचा सल्ला निघत नाही. गरिबांच्या आजारांवर गरिबांच्या रुग्णालयात अभ्यास झाला नाही, तर तो होणार कुठे?

दुसरा आक्षेप असा, की संशोधन स्वतंत्र संस्थांकडे द्यावे, पालिकेने फक्त उपचार करावेत. 6 ऑगस्ट 1986 चा दाखला त्याला पुरेसा आहे. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेले देशातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ त्या दिवशी केईएममध्ये जन्मले, ते डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारची प्रजनन संशोधन संस्था यांच्या एकत्र कामातून. प्रयोगशाळेला वॉर्ड लागतो आणि वॉर्डाला प्रयोगशाळा. तेव्हा महापालिकेने अर्थसंकल्पात खाटा आणि औषधांबरोबर अध्यापकांच्या संशोधनाच्या वेळेसाठीही तरतूद करावी. ओपीडी संपल्यावर उरलेल्या तासाभरात हा वारसा टिकणार नाही.