थकलेले भुईभाडे

दप्तरखान्यात इतिहास शोधणारा बहुधा हुकूमनामे आणि तह धुंडाळतो. थकबाकीच्या फायली सहसा कोणी उघडत नाही. ॲमस्टरडॅम नगरपालिकेच्या जुन्या कागदांचे संगणकीकरण करताना एका विद्यार्थिनीने त्या उघडल्या, आणि तिच्या हाती युद्धोत्तर काळातील पत्रव्यवहार आला. छळछावण्यांतून वा अज्ञातवासातून जिवंत परतलेल्या ज्यू घरमालकांची गाऱ्हाणी त्यात होती. विषय एकच : युद्धकाळातील भुईभाडे आणि ते वेळेवर न भरल्याबद्दलचा दंड.

त्या शहरातील पुष्कळशी जमीन नगरपालिकेची आहे. घर नागरिकाचे असले तरी जमिनीचा आकार त्याने दरसाल नगरपालिकेस द्यावयाचा. या मंडळींची घरे जर्मन अमलात हिरावली गेली, त्यांत परक्यांनी बिऱ्हाडे थाटली. घरधनी छावणीत, आणि खतावणीत मात्र तो थकबाकीदार! परतल्यावर पुष्कळांकडे ही रक्कम दंडासह मागण्यात आली. मागणाऱ्या कारकुनांनी नियमाचा भंग केला नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे अंगावर काटा येतो.

आकडेवारी शिकविण्यात उमेद घालविलेल्या मला ही हकीकत विशेष बोचते. कारण या समाजाचा घात होण्यास नीटनेटक्या नोंदींचाच मोठा हातभार लागला. जानेवारी १९४१ च्या हुकुमाने ज्यूंची नोंदणी झाली. त्याच वर्षी मे महिन्यात नगरपालिकेने शहराचा एक नकाशा तयार केला. त्यावरील प्रत्येक ठिपका म्हणजे दहा ज्यू. जुलै १९४२ पासून वेस्टरबोर्क छावणीतून गाड्या पूर्वेकडे सुटू लागल्या. नेदरलँड्समधील सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकारकांनी ॲमस्टरडॅमचे नोंदणी कार्यालयच पेटवून दिले. त्यापायी बारा जणांना देहान्त शासन झाले. बहुसंख्य कार्डे मात्र शाबूत राहिली.

ज्या कागदांनी माणसे हुडकून दिली, त्याच कागदांवरून आज त्यांचा माग काढावा लागतो. ज्यूंच्या ठेवी आणि चीजवस्तू गिळंकृत करण्यासाठी जर्मनांनी एका जुन्या ज्यू पेढीचे नाव वापरून बनावट पेढी उभी केली होती. तिची कार्डे १९९७ साली शहरातील एका माळ्यावर सापडली.

भुईभाड्याचे प्रकरण २०१३ साली वृत्तपत्रांतून उघडकीस आले. मग नगरपालिकेने इतिहाससंशोधकांकडून चौकशी करविली, आणि २०१६ साली एक कोटी युरो ज्यू समाजासाठी देण्याचे ठरविले. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक तोवर हयात नव्हते.